फिजिक्सच्या लॅबमधून रेडिओकडे : पुण्यातल्या एका वाटेची पार्श्वभूमी

पुण्यातल्या जुन्या पिढीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची शिक्षणं विचारायला गेलं, तर पुष्कळदा बी.ई. ऐकू येत नाही, 'बी.एस्सी., फिजिक्स' किंवा 'एम.एस्सी., फिजिक्स' असं उत्तर मिळतं. काही वर्षं कॉलेजात शिकवलं, मग सरकारी खात्यात किंवा कारखान्यात रेडिओच्या कामावर गेले, उतारवयात पुन्हा खडू हातात घेतला. आजच्या मुलांना हा क्रम धरसोडीचा वाटतो. पण त्या काळी रेडिओकडे जायचा सरळ रस्ता हाच होता. तो तसा का होता आणि पुण्यात तो एवढा वहिवाटीचा कसा झाला, त्याची ही हकिकत.

सुरुवात पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजापासूनच करायला हवी. १८५४ मध्ये सुरू झालेली ही संस्था मुख्यतः सरकारी बांधकाम खात्यासाठी माणसं घडवायची: रस्ते, पूल, कालवे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथूनच बाहेर पडले. मधल्या काळात तिचं नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' होतं, १९११ मध्ये ते 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झालं. इंजिनिअरिंग म्हणजे स्थापत्य, फार तर यंत्रं, हीच तेव्हाची समजूत. बिनतारी लहरी त्यात बसत नव्हत्या. त्या शिकायच्या तर फिजिक्सच्या वर्गात. देशभर हेच चित्र होतं. १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरींचं प्रात्यक्षिक दाखवणारे जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि पुढे रेडिओविज्ञानाला भारतीय विद्यापीठात जागा मिळवून देणारे शिशिरकुमार मित्र हेही फिजिक्सचेच प्राध्यापक. फर्ग्युसन, एस. पी., वाडिया या पुण्यातल्या कॉलेजांत बी.एस्सी. करणारा मुलगा याच परंपरेत वाढत होता.

पण नुसत्या वर्गांनी वाट पडत नाही, पलीकडे कामही लागतं. ते पुण्यात फार लवकर आलं. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत आणि इंग्लंड यांच्यातली बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. दोन्हींत एवढं अंतर मुद्दाम ठेवलेलं. खडकीच्या बलाढ्य ट्रान्समीटरशेजारी रिसीव्हर ठेवला असता, तर हजारो किलोमीटरवरून आलेला क्षीण संदेश त्याला ऐकूच आला नसता. शॉर्ट वेव्हच्या लहरी एका झोतात, ठरलेल्या दिशेने पाठवायच्या, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊ द्यायच्या आणि दिवस-रात्रीप्रमाणे तरंगलांबी बदलायची, हे सगळं पदवीच्या पुस्तकातलं फिजिक्स होतं आणि ते खडकीत रोज चाकरी करत होतं.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. रोज तिथल्या चौकात सिग्नलला थांबणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की भारतीय रेडिओ इलेक्ट्रॉनिक्सचा एक महत्त्वाचा धडा इथे गिरवला गेला. १९४० च्या दशकात एस. पी. वेंकटेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात रेडिओसाँड तयार केला. फुग्याला बांधून सोडायचं हे उपकरण वर जाता जाता तापमान, दाब, आर्द्रता रेडिओने खाली कळवतं. त्यांच्या रचनेत फुगा चढताना वाऱ्यामुळे एक छोटा पंखा फिरायचा आणि तोच संदेशाचे संपर्क जोडत-तोडत राहायचा. वेगळी मोटर नको की घड्याळाची चावी नको. हलकं हवं, स्वस्त हवं, आणि परत मिळेल याची खात्री नाही, या तिन्ही अटी सांभाळायला ज्याला फिजिक्स कळतं आणि डाग (सोल्डर) देताही येतो, असा माणूस लागतो. अशा माणसांची गरज पुण्यात सतत राहिली, ही या साऱ्या कहाणीतली कळीची गोष्ट आहे.

ही माणसं तयार कशी व्हायची, ते बी.एस्सी.च्या एका प्रॅक्टिकलमधून चांगलं समजतं. ट्रायोड व्हॉल्व्हची वैशिष्ट्यं काढणं. ट्रायोड म्हणजे काचेची निर्वात नळी: तापलेल्या तारेकडून प्लेटकडे प्रवाह जातो आणि मधली ग्रिड नावाची जाळी तो कमी-जास्त करते. टेबलावर व्हॉल्व्ह, दोन व्होल्टमीटर, एक मिलिअँमीटर. प्लेटचा विद्युतदाब (व्होल्टेज) कायम ठेवायचा, ग्रिडचा ऋण दाब थोडा थोडा बदलायचा आणि दर वेळी प्लेटचा प्रवाह टिपायचा. मग प्लेटचा दाब बदलून पुन्हा तेच. आलेखावर एकमेकांना जवळजवळ समांतर जाणाऱ्या रेषा उमटतात; मधला भाग सरळ, टोकांना वाक. या रेषांवरून तीन स्थिरांक काढायचे: प्लेटचा रोध, अन्योन्य वाहकता (ग्रिडचा दाब बदलला की प्रवाह किती बदलतो) आणि वर्धनांक (प्लेटच्या मानाने ग्रिडचा दाब किती पट प्रभावी). पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याइतका आला पाहिजे. नाही आला तर वाचन चुकलंय, आणि डेमॉन्स्ट्रेटर जर्नलवर सही करत नाही.

आता हाच आलेख रेडिओ बांधणाऱ्याच्या नजरेने बघा. ॲम्प्लिफायर त्या सरळ भागातच चालवायचा, नाहीतर आवाज फाटतो. म्हणजे ग्रिडला किती ऋण दाब द्यायचा, हे त्या मुलाने स्वतःच्या हाताने काढलेलं असतं. त्याला कुणी 'रेडिओ इंजिनिअरिंग' असं नाव घेऊन शिकवलेलं नाही, पण निम्मी विद्या त्याच्याकडे आलेली आहे. उरलेल्या निम्म्यासाठी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी.एस्सी. झालेल्यांना इलेक्ट्रिकल कम्युनिकेशनची पदवी घेता यायची. ज्यांना नोकरी सोडणं परवडत नव्हतं, ते रेडिओ आणि दूरसंचार अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थांच्या परीक्षा द्यायचे. १९५३ मध्ये आपल्या देशातही दूरसंचार अभियंत्यांची अशी संस्था उभी राहिली. दिवसा शिकवायचं आणि रात्री स्वतः परीक्षेचा अभ्यास करायचा, असं करून कितीतरी शिक्षक इंजिनिअर झाले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

या दुहेरी बाण्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्रा. एस. व्ही. चंद्रशेखर अय्या. होमी भाभांबरोबर विश्वकिरणांवर, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या किरणांवर, काम केलेला हा माणूस १९५० च्या दशकात पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. त्यांनी घेतलेला विषय प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचा होता: वळवाच्या दिवसांत रेडिओत येणारी खरखर. वैशाखात संध्याकाळी ढग गडगडायला लागले की गाणं बुडतं आणि कडकडाट तेवढा उरतो. वीज म्हणजे आकाशातला एक प्रचंड ठिणगी-ट्रान्समीटरच. एका विजेतून किती रेडिओ-ऊर्जा बाहेर पडते, ऐकणाऱ्याला त्याचा त्रास नेमका किती होतो, आणि त्यावर मात करायला केंद्राची शक्ती किती असावी, हे त्यांनी मोजायला घेतलं. के. आर. फडके यांच्याबरोबरचा त्यांचा १९५५ चा निबंध पुण्यातल्या ३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या अशाच व्यत्ययावर आहे. विषय साधा वाटेल, पण त्याच्यामागे मोठा खर्च होता. उष्ण कटिबंधातल्या देशांनी प्रक्षेपणासाठी वापरायच्या पट्ट्यांत हा पट्टा येतो, आणि थंड देशांतल्या मोजमापांवर विसंबून आपले ट्रान्समीटर घेतले असते, तर ऐन पावसाळ्यात ते कमी पडले असते. अय्या पुढे बेंगळुरूला विज्ञान संस्थेत गेले आणि त्यानंतर एन.सी.ई.आर.टी. या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक झाले. विश्वकिरण, रेडिओ, शालेय शिक्षण: तिन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात, आणि तिन्हींत शिक्षक कायम.

२ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं आणि रेडिओ घरातली वस्तू झाली. लोकांनी वर्षानुवर्षं ज्या ७९२ किलोहर्ट्झवर पुणे ऐकलं, ती कंप्रता (फ्रिक्वेन्सी) वर्गात शिकवायलाही सोयीची आहे. २०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि २०० पिकोफॅरडवर आणलेला गँग कंडेन्सर (बटण फिरवून स्टेशन बदलायचा तो) घेतला, तर या दोघांच्या एल-सी मंडलाच्या सूत्राने उत्तर येतं सुमारे ७९६ किलोहर्ट्झ. बटण किंचित फिरवलं की पुणे केंद्र लागतं. फळ्यावरच्या सूत्रातून संध्याकाळच्या बातम्या ऐकू येतात, हे ज्या वर्गाने एकदा पाहिलं, त्याला अनुनाद, म्हणजे मंडलाने एकाच कंप्रतेला दिलेला जोरदार प्रतिसाद, वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सुटे भाग मिळायला बुधवार पेठेतली तापकीर गल्ली होतीच, आणि जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या यंत्रांतून मीटर, ट्रान्सफॉर्मर हुडकणारे मास्तरही होते. मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं. टीव्हीच्या लहरी डोंगर ओलांडून वळत नाहीत, म्हणून मनोरा गडावर. हेही फिजिक्सच.

पुढचं मोठं काम शहराबाहेर, नारायणगावच्या परिसरात झालं. आर्वीला १९७१ मध्ये विक्रम भूकेंद्र सुरू झालं आणि उपग्रहामार्फत परदेशाशी व्यापारी दूरसंचार शक्य झाला. मग जवळच खोडदला जी.एम.आर.टी. ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आली. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप हे अलाहाबादचे फिजिक्सचे एम.एस्सी. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, ऑस्ट्रेलिया, स्टॅनफर्ड असा प्रवास करून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना परवडणाऱ्या खर्चात उभ्या करायच्या, हा प्रश्न खगोलशास्त्राइतकाच तारा आणि वाऱ्याचाही होता. त्यांनी भरीव पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून बशीचा आकार साधला. लांब तरंगलांबीच्या लहरींना जाळीतली भोकं 'दिसत' नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो. जागेची निवडही तशीच विचारपूर्वक: डोंगरांमुळे शहरी रेडिओ-गोंगाट अडतो, दक्षिणेकडचं आकाश बऱ्यापैकी दिसतं, आणि पुणं हाकेच्या अंतरावर. यातल्या १४ अँटेना मध्यभागी आहेत आणि बाकीच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एन.सी.आर.ए.मध्ये, म्हणजे ही दुर्बीण चालवणाऱ्या रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्रात, फिजिक्सवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले एकाच संदेशाच्या दोन टोकांवर काम करतात.

दरम्यान शहरात मात्र वाटा फुटल्या. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा भराभर वाढल्या. विद्यापीठातही त्याच दशकात इलेक्ट्रॉनिक सायन्सचा वेगळा विभाग झाला. बारावीनंतरच फाटा ठरू लागला. संधी वाढल्या ते फार चांगलं झालं. पूर्वी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गाव सोडावं लागायचं. पण फिजिक्सच्या लॅबमधून व्हॉल्व्ह गेला, नंतर सुटा ट्रान्झिस्टरही मागे पडला, आणि आठ पायांची आयसी, म्हणजे अख्खं मंडल सामावलेली चिप, ठरावीक जोडणीत लावून वाचन घेणं उरलं. आत काय चाललंय हे विचारायची सवय त्याबरोबर कमी झाली, आणि मला हे नुकसान खरंच मोठं वाटतं. इंजिनिअरिंगच्या बाजूला उलटं झालं: अँटेनाचं सॉफ्टवेअर येतं, त्या लहरींचा पाया असलेली मॅक्सवेलची समीकरणं परीक्षेपुरती.

खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जी.एम.आर.टी. लोकांसाठी खुली असते आणि आसपासच्या शाळा-कॉलेजांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. दुर्बिणीवर काम करणारे इंजिनिअर त्या दिवशी अँटेनाखाली उभे राहून सातवी-आठवीच्या मुलांना अनुनाद समजावून सांगत असतात.