खरेदीपत्रातल्या रिकाम्या जागा आणि वर्डमधलं बटण

करवीर तालुक्यातल्या एखाद्या शेतजमिनीचं खरेदीपत्र काढून बघा. ‘तुकडी जिल्हा कोल्हापूर, पोटतुकडी तालुका करवीर पैकी मौजे…’ अशी सुरुवात, मग गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आर, आकार (जमिनीचा सारा) रुपये-पैसे, पुढं पूर्वेस-पश्चिमेस करत चतुःसीमा आणि शेवटी लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार. दोन-तीन पानांत बदलणारे शब्द मोजकेच, बाकी सगळा मजकूर ठरलेला. टेम्प्लेट (तयार नमुना), मॅक्रो (वर्डनं एका दमात करायच्या कामांची लिहून ठेवलेली यादी) आणि तो चालवणारी बटणं या सगळ्याचं मूळ अशा रिकाम्या जागांमध्ये आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांची कामं इथं येतात, आणि वकिलांचे नमुने ई-मेलवरून इकडून तिकडं फिरतात. टायपिंगच्या कामात असल्यामुळं मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो : ‘त्यांच्या ऑफिसात बटण चालतं, आमच्याकडं का चालत नाही?’ उत्तर एका वाक्याचं नाही. त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

वर्डस्टार हा मजकूर टाइप करायचा प्रोग्रॅम १९७८ मध्ये आला. त्याच्या मेलमर्जमध्ये, म्हणजे एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी छापायच्या सोयीत, बदलणारं नाव दोन ‘अँड’ चिन्हांच्या मध्ये लिहायचं. ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन ‘एव्ही’ लिहिलं की छपाईच्या वेळी संगणक स्वतः विचारायचा : नाव सांगा. आजच्या बटणांचा आजोबा मी यालाच मानतो. पुढं वर्डपरफेक्ट या तशाच प्रोग्रॅमनं ऑल्ट आणि एका अक्षरावर अख्खा परिच्छेद टाकायची सोय दिली.

विंडोजसाठीचा वर्ड १९८९ मध्ये आला तो वर्डबेसिक ही मॅक्रोची भाषा घेऊनच. १९९७ च्या वर्डमध्ये तिची जागा व्हीबीए (व्हिज्युअल बेसिक फॉर अ‍ॅप्लिकेशन्स) या भाषेनं घेतली. महत्त्वाची सोय अशी की मॅक्रो टेम्प्लेटच्याच पोटात ठेवता येत होता. ‘ऑटोन्यू’ नावाचा मॅक्रो लिहिला की त्या टेम्प्लेटवरून नवा दस्त काढताच तो आपोआप चालायचा, नावं विचारायचा, जागच्या जागी भरायचा. ‘ऑटोओपन’ तर फाइल उघडल्या उघडल्या चालायचा.

घात झाला तो इथंच. १९९५ मध्ये ‘कॉन्सेप्ट’ हा मॅक्रो-व्हायरस याच ‘ऑटोओपन’वर स्वार होऊन जगभर पसरला. तो काही पुसत नव्हता, पण नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या प्रत्येक नव्या कोऱ्या दस्ताच्या मूळ नमुन्यात, जाऊन बसायचा आणि मग हात लावाल त्या दस्तात उतरायचा. एका फ्लॉपीवरून तो माझ्याकडंही आला होता. खूण एकच : ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं की प्रकाराच्या जागी फक्त ‘टेम्प्लेट’ दिसायचं, ते बदलायचंच नाही. दस्त नोंदणीला न्यायची घाई, आणि फाइल हवी तशी सेव्ह होईना. ती दुपार अजून आठवते. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ आला. तो आउटलुकच्या पत्त्यांतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत पाठवायचा. त्यानंतर मॅक्रोवरचा विश्वास उडाला तो उडालाच. २००७ च्या वर्डनं फाइलींचे प्रकारच वेगळे केले : मॅक्रो असलेलं टेम्प्लेट ‘डॉटएम’, नसलेलं ‘डॉटएक्स’. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो वर्ड मुळातच अडवतो. वर लाल पट्टी येते, आणि तिच्यावर चालू करायचं बटणसुद्धा नसतं.

म्हणजे ई-मेलनं आलेला नमुना बिघडलेला नसतो, अडवलेला असतो. पाठवणाऱ्याची पूर्ण खात्री असेल तरच फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावं आणि टेम्प्लेट वर्डच्या टेम्प्लेट फोल्डरमध्ये ठेवावं.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फाँटच्या काळात मराठी मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असायचा, त्यामुळं मॅक्रोत तो सरळ लिहिता येई. प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड आलं, शोधणं-पाठवणं सुधारलं, पण व्हीबीएच्या खिडकीला देवनागरी कळत नाही. तिथं ‘लिहून देणार’ चिकटवलं की नुसती प्रश्नचिन्हं. मग काही जण एकेका अक्षराचा क्रमांक लिहितात, ‘क’साठी २३२५, ‘ख’साठी २३२६. चालतं, पण सहा महिन्यांनी आपलंच लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही. त्यापेक्षा मराठी मजकूर ऑटोटेक्स्ट (नावानं साठवलेला तयार मजकूर) म्हणून टेम्प्लेटमध्ये ठेवावा, त्याला साधं इंग्रजी नाव द्यावं आणि मॅक्रोनं फक्त त्या नावानं हाक मारावी. लिबरऑफिस या वर्डला पर्याय असलेल्या मोफत प्रोग्रॅमच्या बेसिक या मॅक्रोभाषेत देवनागरी थेट चालते, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

या सगळ्यात तगलं ते एक साधं फील्ड (महिरपी कंसांत लिहायची वर्डची आज्ञा) : ‘मॅक्रोबटन’. त्यात आधी मॅक्रोचं नाव, मग दिसणारा मजकूर. त्यावर डबल-क्लिक केलं की मॅक्रो चालतो. पण मॅक्रोच्या जागी ‘नोमॅक्रो’ असं अस्तित्वातच नसलेलं नाव दिलं, तर उरते ती निव्वळ रिकामी जागा. एका क्लिकनं सगळी निवडली जाते, टाइप करताच सूचना जाते आणि आपला शब्द बसतो. आत मॅक्रो नसल्यामुळं अडवण्यासारखं काही राहत नाही, साध्या डॉकएक्समध्येही ते चालतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पत्रांच्या टेम्प्लेटमध्येही ‘इथं क्लिक करून नाव लिहा’ अशा जागा याच युक्तीनं केलेल्या असत.

करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फील्डचे महिरपी कंस हातानं टाइप करून चालत नाही, ते कंट्रोल-एफ९ नंच यावे लागतात. आणि दिसणारा मजकूर एका ओळीत मावला पाहिजे. ‘लिहून देणार यांचे संपूर्ण नाव, वय व पत्ता’ ओळीच्या शेवटाकडं आलं की वर्ड कुरकुरतो, म्हणून ‘देणार : नाव’ एवढंच ठेवावं. एकच नाव दस्तात दहा ठिकाणी यायचं असेल तर हे फील्ड उपयोगाचं नाही. त्यासाठी २००७ पासूनचे एकमेकांशी जोडलेले कंटेंट कंट्रोल (एकात लिहिलं की सगळ्यांत उमटणाऱ्या चौकटी) वापरावेत, तेही मॅक्रोशिवाय चालतात.

माझ्या खरेदीपत्राच्या नमुन्यात आता एकही मॅक्रो नाही. एफ११ दाबलं की कर्सर पुढच्या रिकाम्या जागेवर जातो : मौजे, गट नंबर, क्षेत्र, आकार, मग पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस. पक्षकार समोर बसून सातबारा वाचून दाखवतो, चतुःसीमा सांगतो, आणि त्याच क्रमानं मी भरत जातो.