‘ललिता पवार’ हे विशेषण झालं त्यामागची गोष्ट

लग्न ठरताना मुलीकडच्यांच्या कुजबुजीत एक वाक्य हमखास यायचं, ‘सासू अगदीच ललिता पवार नाही ना?’ एखाद्या नटीचं नाव भाषेत विशेषण होऊन बसावं, हा मान म्हणायचा की शिक्षा, हे ठरवणं अवघड आहे. खाष्ट सासवा पडद्यावर पुष्कळ जणींनी केल्या, नाव मात्र यांचंच चिकटलं.

या बाईंचं मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, गाव येवला. येवला म्हणजे पैठणी, आणि वडीलही रेशमी-सुती कापडाचेच व्यापारी. मुलींनी शाळेत जाण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे शिक्षण राहिलं. सिनेमात मात्र त्या १९२८ सालीच, बाराव्या वर्षी आल्या. पुढच्या काही वर्षांत त्या मारधाडीच्या मूकपटांची नायिका होत्या. १९३१ चा ‘दिलेर जिगर’ हा त्यातलाच. बोलपट आल्यावर स्वतःची गाणी स्वतः गायल्या, चित्रपटनिर्मितीतही उतरल्या. आज हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

मग १९४२. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान दादांनी त्यांना थोबाडीत मारायचा प्रसंग होता. हात जरा जास्तच जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. उपचार लांबले, चेहरा बराचसा सावरला, पण तो डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. तेव्हा वय अवघं सव्वीस.

हा किस्सा नेहमी असा सांगतात, की एका थपडेनं खलनायिका घडवली. मला हे फार सोयीचं स्पष्टीकरण वाटतं. डोळा अधू झाल्यानं काम मिळेनासं होऊ शकतं, अभिनय येत नाही. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून मराठी माणसाच्या मनात कायमची बसलेली बाई! १९५० साली शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये सुनेचा छळ करणारी सासू केली आणि शिक्का पक्का झाला. अर्धवट मिटलेला डोळा, त्यातली तिरकी नजर आणि ठसक्यात सोडलेलं वाक्य. एवढ्या भांडवलावर थिएटरातल्या बायका त्यांना शिव्या घालत.

पण त्याच काळातली ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळेवाली आठवा. मुंबईत नवखा आलेला राज कपूर भाव करायला जातो तोही उलटा, दोन आण्याला तीन केळी मिळत असताना हा तीन आण्याला दोन मागतो. बाई आधी करवादते आणि मग त्याच्या भोळेपणावर विरघळते. ‘अनाडी’तली (१९५९) मिसेस डिसा हीच गोष्ट आणखी खोलवर नेते. भाडेकरूवर दिवसभर डाफरणारी, आतून त्याची आईच झालेली घरमालकीण. या भूमिकेला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. हृषीकेश मुखर्जींना ही डिसा इतकी आवडली असावी, की बारा वर्षांनी ‘आनंद’मध्ये रमेश देवांच्या दवाखान्यातली कडक मेट्रन त्यांनी पुन्हा डिसाच ठेवली, आणि ती पुन्हा ललिताबाईंनीच केली.

‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) तर त्यांनी स्वतःच्याच प्रतिमेची फिरकी घेतली. धाक दाखवणारी सीतादेवी म्हाताऱ्याच्या सोंगातल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते आणि आरशासमोर नटायला लागते, तेव्हा हसू येतं आणि कीवही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६१ सालीच मिळाला होता.

सत्तरी ओलांडल्यावर रामानंद सागरांच्या ‘रामायण’त त्या मंथरा झाल्या. रविवारी सकाळी अख्खा देश टीव्हीसमोर, आणि कैकेयीच्या कानाशी लागलेल्या त्या. झालं, विशेषणावर पुन्हा शिक्कामोर्तब.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंधच्या घरी त्या गेल्या. तोंडाचा कर्करोग झाला होता. त्याच पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘दिलेर जिगर’ जपून ठेवलेला आहे. मूकपटांतले फार थोडे वाचले, त्यातला हा एक. त्यात पंधरा वर्षांची अंबू आहे, दोन्ही डोळे टक्क उघडे.