उष्णता सोसणारं स्टेनलेस आणि निकेल अलॉय: गुण आणि ओळख

भट्टी, बर्नर, एक्झॉस्ट असल्या जागी साधं लोखंड पपडी धरून धरून पातळ होतं आणि एक दिवस गळून पडतं, तिथं वापरायचे क्रोमियम-निकेलवाले धातू म्हणजे हे. गोव्यात कुंडई, वेर्णाच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, वास्कोच्या जहाजकामात, ट्रॉलरच्या धुराड्याला, अगदी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, डिझेल ओव्हनमध्येही असा धातू लागतो. पाव भाजायला २५०-३०० अंश पुरतात, पण बर्नरच्या तोंडाची नळी लालभडक असते आणि खरी परीक्षा तिची.

धातूला वाचवतं ते क्रोमियम, त्याचा ऑक्साइडचा पातळ थर वर बसतो आणि आतलं लोखंड जळू देत नाही. स्टेनलेसचे प्रकार नंबराने ओळखतात: ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्के, निकेल ८, आणि ते सतत तापलेलं असेल तर साधारण ९२५ अंशांपर्यंत टिकतं, पण रोज पेटव-विझव असेल तर मर्यादा ८७० वर येते, कारण तापताना-निवताना धातू जेवढा फुगतो-आकसतो तेवढा तो थर हलत नाही, म्हणून तडकून उडतो. ओव्हन रोज विझतो हे विसरून लोक मोठा आकडा धरतात. ३१० मध्ये क्रोमियम २५, निकेल २०, ते पेटव-विझवीत १०३५ आणि सतत ११५० पर्यंत जातं. मात्र ६०० ते ९०० च्या मधे महिनोन्‌महिने राहिलं तर सिग्मा नावाचा ठिसूळ घटक तयार होतो, मग थंड असताना हातोडा बसला की चीर जाते.

आपल्याकडे समुद्रामुळे ३१६ ला फार मान. खाऱ्या हवेत तो योग्यच आहे, त्यातलं मॉलिब्डेनम खड्डे पडू देत नाही, पण आगीपुढे ३१६ हा ३०४ च्याच पंगतीतला. जास्त पैसे देऊन बर्नरला ३१६ लावू नये.

या स्टेनलेसच्या वरचा निकेल अलॉय म्हणजे इन्कोनेल ६००, त्यात निकेल किमान ७२ टक्के. महाग म्हणजे सगळीकडे चांगला असं मात्र नाही, गंधकवाला धूर असेल आणि हवा कमी पडत असेल तर निकेल आणि गंधक मिळून जे बनतं ते साधारण ६४० अंशांनाच वितळतं, धातू आतून पोखरला जातो. अशा धुरात कमी निकेलचं, जास्त क्रोमियमचं ४४६ स्टेनलेस बरं.

ओळख म्हटली की सगळे आधी चुंबक काढतात, आणि तिथंच फसतात. ४३० आणि ४४६ हे अस्सल स्टेनलेस, तरी चुंबकाला घट्ट चिकटतात. उलट ३०४ चा सपाट पत्रा चिकटत नाही, पण तोच काटकोनात वाकवून दोऱ्याला बांधलेलं चुंबक घडीजवळ नेलं तर ते हळूच ओढलं जातं, ३१० ची घडी मात्र ढिम्म. ही एक घडी बघून ३०४ आणि ३१० वेगळं करता येतं, भंगारात तर फारच कामाचं. हीटरची तार असेल तर नायक्रोम (निकेल-क्रोमियमची) चिकटत नाही, कांथल (लोखंड-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची) चिकटते.

मग ग्राइंडर. साध्या लोखंडाची ठिणगी लांब जाऊन फुलबाजीसारखी फुटते, जास्त निकेलवाल्याची आखूड, लालसर-नारिंगी, न फुटता विझणारी. शेजारी ओळखीचा तुकडा घासून तुलना केल्याशिवाय निकाल देऊ नये.

वजनाची युक्ती त्याहून खात्रीची: १ किलोचा तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकत तोलला की ३०४ चं वजन साधारण १२६ ग्रॅमने कमी भरतं, इन्कोनेल ६०० चं ११८ ने. एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासायचं हातातलं यंत्र, असेल तर काही सेकंदांत घटक कळतात, फक्त कार्बन ती दाखवत नाही, म्हणून ३१० आणि त्याचाच कमी कार्बनचा प्रकार ३१०एस तिला सारखेच. तिथं मिल सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) आणि पत्र्यावरचा हीट नंबरच (धातू कुठल्या ओतीतला त्याचा क्रमांक) लागतो, तो नंबर असलेला भाग शेवटी कापायचा आणि उरलेल्या तुकड्यावर लगेच उतरवायचा. वेल्डिंगआधी मात्र खडू, ग्रीस, रंग सगळं पुसायचं, विशेषतः जस्ताचा पेंट, जो आपल्याकडे गंजापायी प्रत्येक गेटला फासलेला असतो. तापल्यावर जस्त स्टेनलेसमध्ये शिरून भेगा पाडतं, आणि खडूतलं गंधक निकेलचं तेच करतं जे धुरातलं करतं.