कूलरला खिडकी उघडी हवी, एसीला बंद

एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "एसी परवडत नाही, तर मोठा कूलर घेतला की तेवढंच गार होईल ना?" दोन्हींतून गार हवा येते, त्यामुळे कूलर म्हणजे स्वस्तातला एसी असं बहुतेकांना वाटतं. पण दोघांची काम करण्याची पद्धत जवळजवळ उलटी आहे. ती माहीत नसली की चांगला कूलर घेऊनही माणूस रात्रभर चिकचिकीत तळमळत पडतो, आणि एसी घेऊन विजेचं बिल भरत राहतो.

आधी पंख्याचं सांगून टाकतो, कारण तो दोघांच्याही सोबतीला असतो. पंखा खोली गार करत नाही. तो हवा हलवतो, त्यामुळे घाम लवकर सुकतो आणि अंगाला बरं वाटतं. साध्या छताच्या पंख्याची मोटर ७०-७५ वॉट वीज खाते आणि तिची शेवटी उष्णताच होते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून 'जरा गार होऊ दे' म्हणण्यात म्हणूनच काही हशील नाही. शिवाय वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली हवा ४० अंशांच्या वर गेली, तर पंखा अंगावर गरम झळाच फेकतो. तेवढ्या उन्हात पंखा लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घरात म्हातारी माणसं असतील तर दुपारी नुसत्या पंख्यावर त्यांना ठेवू नका.

आता कूलर. बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या ताट्यांतून आत ओढली जाते. ताट्या वाळ्याच्या असोत, गवताच्या असोत की हल्लीच्या मधाच्या पोळ्यासारख्या पॅडच्या, काम एकच. हवेतली उष्णता घेऊन पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे कूलरची खरी ताकद पाण्याच्या वाफेत आहे. माठातलं पाणी गार होतं ते ह्याच कारणानं.

पण वाफ होण्यासाठी हवेत जागा लागते. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, नागपूरला दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बऱ्यापैकी कूलर ती हवा २८ अंशांच्या आसपास आणून सोडतो. सोळा अंशांचा फरक! त्याच कूलरला मुंबईच्या ३३ अंशांत आणि ७० टक्के आर्द्रतेत उभं करा. हवा जेमतेम साडेतीन अंशांनी उतरेल आणि आर्द्रता नव्वदीच्या पुढे जाईल. मग अंगावरचा घाम सुकणार कुठून? कोकणात आणि गोव्यात लोक कूलर घेऊन महिनाभरात तो माळ्यावर टाकतात, त्यात कूलरचा दोष नसतो.

आता खिडकीची गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. कूलर दर मिनिटाला ओलसर हवा खोलीत ढकलत असतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर थोड्या वेळात खोलीतली हवा ओलीने भरते, ताट्यांवर वाफ होणं मंदावतं आणि नुसता दमट वारा उरतो. विदर्भात कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवतात, तोंड आत आणि पाठ उघड्या हवेकडे. समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवतात. ही पद्धत अगदी बरोबर आहे. गडबड होते ती पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये. तिथे चाकांचा कूलर पलंगाशेजारी कोपऱ्यात ठेवतात आणि 'गारवा बाहेर जाईल' म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. तो कूलर मग खोलीतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओली करत बसतो. त्याला निदान उघड्या खिडकीला पाठ लावून तरी ठेवा.

बर्फाचंही तसंच. टाकीत बर्फाच्या लाद्या टाकणारे पुष्कळ आहेत. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, एक लिटर पाण्याची वाफ होताना त्याच्या सातपट. त्यामुळे बर्फावर खर्च करण्यापेक्षा ताट्या नीट, सगळीकडून भिजतात ना, हे पाहणं जास्त कामाचं. बोअरचं जड पाणी असेल तर ताट्यांवर क्षार बसतात आणि मधेमधे कोरडे पट्टे दिसू लागतात. तेवढ्या भागातून ऊन हवा जशीच्या तशी आत येते.

एसी पाण्याची वाफ करतच नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटमध्ये थंड कॉइल असते, खोलीतली हवा तिच्यावरून फिरते, आणि तांब्याच्या नळ्यांतला वायू ती उष्णता बाहेरच्या युनिटपर्यंत पोचवतो. म्हणूनच बाहेरच्या युनिटजवळ उभं राहवत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की स्प्लिट एसी बाहेरून ताजी हवा आणतो. तसं काही नाही, खोलीतलीच हवा फिरत राहते. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या त्या याचसाठी, आणि सकाळी उठल्यावर थोडा वेळ उघडायच्या त्याही याचसाठी.

दुसरा मोठा फरक दमटपणाचा. थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळते. नळीतून टपकणारं ते पाणी तुमच्या खोलीतून काढलेलं असतं. १९०२ साली विलिस कॅरियर या अभियंत्यानं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली, ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हती. दमटपणामुळे कागद फुगत-आकसत होता आणि रंगीत छपाई सरकत होती, त्यासाठी होती. मुंबईत एसी लागतो तो निम्मा याच कामासाठी.

एकाच खोलीत एसी आणि कूलर दोन्ही लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो, तेच पाणी काढायला एसी वीज जाळतो. पंखा मात्र एसीसोबत जरूर लावा. एसी २६-२७ वर आणि पंखा हळू, एवढ्यात बहुतेकांना झोप लागते. १ जानेवारी २०२० पासून नव्या स्टार रेटिंगच्या एसींचं तापमान सुरू होताना २४ अंशांवरच ठेवलेलं असतं, आणि एकेक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं सांगणं आहे.

खर्चाचं म्हणाल तर कूलर २०० वॉटच्या आसपास खातो, दहा तासांना दोन युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना तासालाच दीडेक युनिट घेतो. पण कूलर पाणी पितो, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात हा हिशेब आधी करावा लागतो.

हल्ली 'मिनी एसी', 'पोर्टेबल एसी' अशा नावांनी बरंच काही विकायला असतं. घेण्याआधी एवढंच बघा: गरम हवा बाहेर सोडणारा जाड पाइप आहे का? तो नसेल आणि पाणी भरायची टाकी असेल, तर तो कूलरच आहे, नाव काही असो.

विदर्भात पाऊस लागला की कूलरचा पंप बंद करा आणि नुसता त्याचा पंखा चालवा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्यात नाही, पाण्यालगतच्या भिंतीला चिकटलेली असतात. आणि लोखंडी कूलरला पाणी भरताना प्लग काढल्याशिवाय हात लावू नका. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसून माणसं दगावतात, त्यात लहान मुलंही असतात. अर्थिंग तपासून घ्या आणि मीटरजवळ आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या, कूलरच्या खरेदीतच तो खर्च धरा.