पहिला पर्सनल कॉम्प्युटर (वाद)

पहिला पर्सनल कॉम्प्युटर कुठला, हा कॉम्प्युटरच्या इतिहासातला जुना आणि अजून न मिटलेला वाद. भांडण मशीनवरून कमी आणि ‘पर्सनल’ या शब्दावरूनच जास्त आहे: एकट्याने वापरता आला की झालं, की घरात मावायला हवा, की साध्या माणसाला स्वतःच्या खिशातून घेता यायला हवा? आपल्याकडे पीसी म्हटलं की मॉनिटर, कीबोर्ड आणि टेबलाखाली घरघरणारा डबा डोळ्यासमोर येतो, पण हे चित्र पक्कं झालं ते आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी काढल्यानंतर, त्यामुळे त्या मापाने जुनी मशीन मोजली तर एकही पास होत नाही.

सगळ्यात जुना दावा एडमंड बर्कलेच्या ‘सायमन’चा. रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचवर, चालणारं हे मशीन घरी कसं बनवायचं याची लेखमाला ऑक्टोबर १९५० पासून एका अमेरिकन मासिकात आली, मात्र त्याला फक्त ० ते ३ एवढेच आकडे कळायचे. शिकवायला छान, कामाला शून्य.

‘लिंक’ची केस जास्त भक्कम आहे. वेस्ली क्लार्कने १९६२ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये तो बनवला, एका संशोधकाने एकट्याने समोर बसून वापरावा म्हणूनच, आणि १९६५ मध्ये मेरी ॲलन विल्क्स बाल्टिमोरला आईवडिलांच्या घरी लिंक ठेवून त्याचं सॉफ्टवेअर लिहीत होत्या, म्हणजे वर्क फ्रॉम होमच. पण किंमत ४० हजार डॉलरच्या वर, तेव्हा घरात आला तरी घरच्यांच्या पैशाने आला नाही.

१९६५ चाच ऑलिव्हेटीचा ‘प्रोग्रामा १०१’ टेबलावर मावायचा, किंमत ३२०० डॉलर, विकलाही भरपूर गेला. तो कॅल्क्युलेटर होता म्हणून त्याला बाद करतात, पण हे कारण मला तरी लंगडं वाटतं, कारण तेव्हा नाव काय द्यायचं हा बराचसा सेल्सचा मामला होता: एचपीने १९६८ मध्ये ९१०० ए च्या जाहिरातीत ‘पर्सनल कॉम्प्युटर’ हे शब्द वापरले, आणि विकला मात्र कॅल्क्युलेटर म्हणून, कारण आयबीएमसारखं न दिसणारं मशीन कॉम्प्युटर म्हणून गिऱ्हाइकांकडच्या तज्ज्ञांनी घेऊच दिलं नसतं, असं एचपीचे संस्थापक ह्यूलेट स्वतःच सांगायचे.

मग येतो ‘केनबॅक-१’. जॉन ब्लँकनबेकर नावाच्या इंजिनिअरने लॉस एंजेलिसला घरच्या गॅरेजमध्ये तो बनवला आणि आपल्याच आडनावाचा मधला तुकडा उचलून नाव ठेवलं. १९७१ मध्ये ७५० डॉलरला विकायला आला. मायक्रोप्रोसेसर (एकाच चिपवर मावणारा कॉम्प्युटरचा मेंदू) नाही, कारण बाजारातला पहिला, इंटेलचा ४००४, जाहीर झाला तोच त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. सगळं साध्या आयसी, म्हणजे छोट्या चिप, जोडून केलेलं. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, पुढे बटणं आणि दिवे, प्रोग्रॅम एकेक बिट (० किंवा १) दाबत भरायचा. गिऱ्हाईक म्हणून शाळा डोळ्यासमोर होत्या, पण शाळांचं बजेट मंजूर होईपर्यंत छोट्या कंपनीचा दम निघतो, जेमतेम ४०-५० नग गेले आणि १९७३ मध्ये दुकान बंद. पुढे १९८६ मध्ये बोस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियमने स्पर्धा घेतली, परीक्षकांत ॲपलचे स्टीव्ह वॉझनियॅक होते, आणि पहिला नंबर दिला केनबॅकलाच. वाद तरीही चालूच राहिला.

फ्रेंच लोक ‘मिक्राल एन’चं नाव घेतात. फ्रान्स्वा जेर्नेलने तो १९७३ मध्ये एका शेती संशोधन संस्थेसाठी इंटेल ८००८ वर बनवला. मायक्रोप्रोसेसरवाला, तयार विकत मिळणारा पहिला, एवढं त्याला सहसा मान्य करतात.

राहिला ‘अल्टेअर ८८००’. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या कव्हरवर तो झळकला आणि एड रॉबर्ट्सच्या न्यू मेक्सिकोतल्या छोट्या कंपनीवर ऑर्डरी कोसळल्या. गंमत म्हणजे तोही बटणं-दिवेवालाच, ४०० डॉलरच्या आसपासचं किट घरी डाग देत बसायचं, आणि मूळ मेमरी केनबॅकइतकीच, २५६ बाइट. फक्त केनबॅकमध्ये मेमरीतली जागा सांगणारा पत्ताच ८ बिटचा, म्हणून त्याची मेमरी २५६ च्या वर जाऊच शकत नव्हती, तर अल्टेअरचा १६ बिटचा, शिवाय आत जादा कार्डं खोचायची सोय, त्यामुळे लोकांनी मेमरी वाढवली, टेलिटाइप (टाइपरायटरसारखं टाइप करायचं आणि छापायचं यंत्र) जोडला आणि त्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालवली.