टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक आणि २००० सालचा निकाल : पार्श्वभूमी

दुचाकीचं टू-स्ट्रोक इंजिन (पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एकदा पेट्रोल जाळणारं) टिकाऊ की फोर-स्ट्रोक (दोन फेऱ्यांत एकदा), हा वाद आपल्याकडे खऱ्या अर्थाने १९८५ नंतरचा, आणि २००० सालच्या ‘बंदी’ने त्याचा निकाल लागला असं म्हणतात. त्याआधीही टू-स्ट्रोक राजदूत आणि जावा-येझदी एकीकडे, फोर-स्ट्रोक बुलेट दुसरीकडे असं चित्र होतंच, पण राजदूत घेणारा आणि बुलेट घेणारा ही गिऱ्हाइकंच निराळी. तुलना करायची वेळ फारशी येत नसे.

१९८५ मध्ये फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० आणि टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० एकाच वर्षात बाजारात आल्या आणि तुलना टाळता येईना. आरएक्सचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५०. सीडीचा बोअर ५०, स्ट्रोक ४९.५. इंजिनाच्या मापात केसाचा फरक, आतली रचना मात्र पूर्ण वेगळी. आरएक्सला ११ अश्वशक्ती, सीडीला त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. उलट सीडीची जाहिरात लिटरला ८० किलोमीटरची, आणि पगारदार माणसाचा हिशेब तिथेच संपत होता.

दोन्हींच्या टिकाऊपणाचं मूळ ऑइलमध्ये आहे. फोर-स्ट्रोकमध्ये लिटरभर ऑइल इंजिनच्या तळाशी असतं, पंप ते क्रँकपासून (पिस्टनने फिरणारा दांडा) कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो, आणि मालकाने ते वेळेवर बदललं की त्याचं काम झालं. टू-स्ट्रोकला असा तळच नाही. पिस्टनखालची जागा पेट्रोल-हवेचं मिश्रण वर ढकलायला वापरली जाते, त्यामुळे ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून बाहेर पडतं. राजदूतच्या काळात ते पंपावर मापाने ओतायचं, लिटरला ४०-५० मिलिलिटर. पंपावरच्या पोऱ्याने जास्त ओतलं तर धूर आणि काळा पडलेला प्लग. कमी ओतलं, किंवा सुटं ऑइल भलतंच निघालं, तर चढावर पिस्टन पकडलं, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकलं (सीझ झालं) म्हणून समजा.

आरएक्समध्ये ऑइलची टाकी वेगळी होती आणि थ्रॉटलच्या प्रमाणात ऑइल सोडणारा पंपही. म्हणजे जुनी अडचण कारखान्यात सोडवलेली होती. तरीही पंपावर भरवसा नाही म्हणून तो बंद करून पुन्हा पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून देणारे मेकॅनिक गावोगाव होते, आणि मग सीझ झालेल्या इंजिनाचा दोष टू-स्ट्रोक जातीवर टाकायला तेच पुढे. क्रँकचं ऑइल सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), पिस्टन तापतं. ही कमजोरी मात्र रचनेचीच.

पण दुरुस्ती कशी होती तेही पाहा. हेडचे (सिलिंडरच्या झाकणाचे) चार नट सोडले की सिलिंडर हातात. लेथवाल्याकडे बोअर मारून (सिलिंडर आतून किंचित मोठा करून) पाव मिलिमीटर मोठं पिस्टन बसवायचं. असं एक मिलिमीटरपर्यंत जाता येतं. संध्याकाळी गाडी चालू. सीडीला आणि पुढे १९९४ च्या स्प्लेंडरला ही वेळ फार उशिरा येते, पण आली की टायमिंग चेन, व्हॉल्व्ह, गाइड, रॉकर असं ‘फुल इंजिन काम’ निघतं आणि खर्चाचा आकडा ऐकून माणूस गाडी विकायचाच विचार करतो. कमी वेळा बिघडणारी गाडी आणि लवकर दुरुस्त होणारी गाडी, दोघींनाही आपण भरवशाचीच म्हणत आलो. निम्मा वाद तिथूनच होतो.

‘२००० साली टू-स्ट्रोकवर बंदी आली’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. तशी बंदी आली नव्हती. धुराची मर्यादा बदलली होती. १९९१ मध्ये दुचाकीला नुसत्या हायड्रोकार्बनसाठी किलोमीटरला ८ ते १२ ग्रॅमची मुभा होती. १९९६ मध्ये हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम झाले, एप्रिल २००० पासून २ ग्रॅम. कार्बन मोनॉक्साइडही ४.५ वरून २ ग्रॅमवर आला. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निसटतो, त्यामुळे तिचा हायड्रोकार्बनचा आकडा फुगतो. नायट्रोजन ऑक्साइड मात्र ती कमी सोडते. दोन्ही एकत्र मोजण्यात तिला सवलतच मिळाली होती, आणि तरीही दोन ग्रॅम झेपणं अवघड गेलं.

त्यावर उपाय म्हणून सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू जाळणारा भाग) आला. न जळालेलं पेट्रोल त्यात जळून तो प्रचंड तापतो, वर ऑइलची राख बसते. अनेकांनी तो काढूनच टाकला. टू-स्ट्रोकच्या शेवटच्या वर्षांची बदनामी बरीचशी या जोडकामाची आहे, मूळ इंजिनाची नव्हे, असं माझं मत. नियमात गाडी किती किलोमीटर टिकावी याबद्दल काही नव्हतंच. तो नव्या गाडीचा धूर मोजत होता. आणि दुधाच्या किटल्या लादलेली टीव्हीएस एक्सएल मोपेड सन २००० नंतरही कितीतरी वर्षं टू-स्ट्रोकच होती. तिचा फोर-स्ट्रोक अवतार २०१५ चा.

बुलेटचं प्रकरण वेगळं, कारण तिथे दोन्ही पिढ्या फोर-स्ट्रोकच. ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं जुनं बिडाचं इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं, ठिकठिकाणी ऑइल गळणारं, पॉइंट घासून चालू होणारं. २००८-०९ च्या सुमारास गिअरबॉक्ससकट एकसंध इंजिन आलं, टॅपेटही (व्हॉल्व्हला ढकलणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप जुळणारे, झाले. बापजाद्यांचा ठोका गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी ऑइलचे डाग थांबल्याची नोंद फारशी घेतली नाही. २०२० मधल्या ३४९ सीसीच्या इंजिनात कॅमही वर हेडमध्ये गेला.

त्याच वर्षी एप्रिलपासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम लागू झाला आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची जागा बहुतेक सगळीकडे सेन्सर पाहून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनने घेतली. आता अडचण जुन्या गाड्यांची आहे, कारण पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं झालं. त्याने मिश्रण पातळ होतं. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरच्या जोरावर बऱ्याच अंशी जुळवून घेते, कार्बोरेटरवाली घेत नाही. जुन्या स्प्लेंडरला थोडा अडखळा जाणवेल. आरएक्समध्ये मात्र पिस्टन थंड ठेवायला येणारं मिश्रणच लागतं, म्हणून ती जपणारे मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक माप मोठा टाकतात आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी करून ठेवतात.