शहरातल्या उष्णतेचा आरोग्याला धोका किती? मृत्यूंचा डेटा मागायचा अर्ज: कोण करू शकतं, काय जोडायचं

सॅटेलाइटवरून तापमानाचा नकाशा काढला, लाल भाग दिसला, तिथं झाडं लावा म्हणून रिपोर्ट दिला, असं खूप ठिकाणी होतं. पण तो धोक्याचा नकाशा नाहीये! लँडसॅट हा उपग्रह मोजतो ते छताचं आणि डांबराचं तापमान, तेही सकाळी दहाच्या सुमारास, आणि माणूस खचतो तो रात्रीही घर थंड होत नाही तेव्हा. धोका म्हणजे तिथं उष्णता किती, माणसं किती राहतात आणि त्यातल्या किती जणांना ती सोसत नाही, हे तिन्ही मिळून. म्हणून मृत्यूनोंदी लागतातच आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो.

नियम देशागणिक वेगळे, पण एकेका व्यक्तीच्या पातळीवरचा डेटा साधारणपणे पालिकेच्या आरोग्य खात्याला किंवा विद्यापीठातल्या संशोधकांना मिळतो. नागरिकांच्या गटांनी सरळ एखाद्या कॉलेजला सोबत घ्यावं, नाहीतर वॉर्डनिहाय नुसते आकडे मागावेत, सुरुवातीला तेही पुरतात.

अर्जासोबत दोन पानी प्रस्ताव, संस्थेचं पत्र, एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिकतेला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी (किंवा मंजुरीची गरज नाही असं त्यांचंच पत्र) आणि डेटा कुठं ठेवणार, कोण बघणार, कधी डिलीट करणार याची लेखी हमी. नावं मागूच नका, लागत नाहीत.

आता खरी मेख, कुठले कॉलम मागायचे. तारीख मृत्यूची हवी, नोंदणीची नको. आमच्या पहिल्या अर्जात हे स्पष्ट लिहिलं नव्हतं, नोंदणीच्या तारखा आल्या आणि सोमवारी मृत्यू वाढलेले दिसायला लागले, कारण रविवारी ऑफिस बंद! सगळं परत मागावं लागलं, त्यात कित्येक महिने गेले, अजून वाईट वाटतं. दुसरं, वॉर्ड राहत्या घराचा मागा, नाहीतर ज्या वॉर्डात मोठं हॉस्पिटल तोच सगळ्यात धोक्याचा दिसतो. वयोगट आणि मृत्यू घरी की दवाखान्यात हेही घ्या. 1995 साली शिकागोत उष्णतेच्या लाटेत 700 हून जास्त माणसं गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप होती, बंद खोलीत गेलेली, हे नुसत्या तापमानाच्या नकाशात कधीच दिसलं नसतं.

आणि कारण म्हणून फक्त उष्माघात लिहू नका प्लीज. मृत्यूची कारणं कोडनं नोंदवायच्या आंतरराष्ट्रीय यादीत (आयसीडी-10) एक्स30 आणि टी67 हे कोड उष्णतेचे, पण उष्णतेनं गेलेल्या बहुतेकांच्या दाखल्यावर हृदयविकार, श्वासाचा त्रास, किडनी असंच काहीतरी असतं. म्हणून सगळ्या कारणांचे मृत्यू मागा, रोजचे, शक्यतो दहा वर्षांचे.

हवामानाचा डेटा त्यामानानं सोपा, कमाल आणि किमान तापमान आणि आर्द्रता घ्या, मग कुठल्या तापमानापुढे मृत्यू चढायला लागतात ते बघा, त्याच दिवशीचे आणि पुढच्या दोन-तीन दिवसांचेही. वॉर्डात आकडे फार छोटे असतील तर शेजारचे वॉर्ड जोडा, कोणाची ओळख उघड व्हायला नको.

यातून प्लॅनिंगवाल्यांना वॉर्डांचा क्रम मिळतो, सावली, पाणी, थंडावा केंद्र, छताला पांढरा रंग आधी कुठं ते ठरवायला. मंजुरीलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून उन्हाळा संपला की लगेच अर्ज टाका.